मुन्शीजींचा तारा आणि अय्यरांचं कार्ड

पोस्टकार्ड वाचू नये असा खात्याचा नियम आहे, हे मला नोकरीच्या बाराव्या वर्षी लेखी कळवण्यात आलं. तोपर्यंत मी नियम वाचले नव्हते. पोस्टकार्डं मात्र सगळी वाचली होती.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘टपाल खात्यातल्या नोकरीविषयी काही लिहा’ असं कळवलं, तेही बंद लिफाफ्यातून, डिंक चांगला दोनदा लावून. माझी कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसते. तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. नेमणुका, बदल्या आणि बढत्या यांची यादी देत बसत नाही. बढत्यांची यादी तशीही लहान आहे, आणि ती लहान का राहिली तेच इथं सांगतो.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागचे दिवस होते. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला, आमचे वरचे साहेब नागपुरात. जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या अंगाला असलेल्या एका बाजारगावी मी सब-पोस्टमास्तर होतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून मला कार्डं पाठवतात. गावात कापसाची दोन जिनिंगं होती आणि त्यांच्या मालकांना मुंबईचा भाव रोज लागे, म्हणून एवढ्याशा गावाला तारेचं यंत्र मिळालं होतं. टपालही मीच बघायचो, तारही मीच. हाताखाली तुळशीराम नावाचा पोस्टमन. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि वागायला त्याहून मोठा.

लोकांना वाटतं पोस्टमास्तर नुसता बसून असतो. दुपारी मलकापूरच्या बाजूनं बैलांच्या दमणीतून थैली आली की ती फोडायची, पत्रं लावायची, प्रत्येकावर तारखेचा शिक्का मारायचा. शिक्का नीट उठावा म्हणून कार्डाकडे पाहावं लागतं. आता पाहणं कुठं संपतं आणि वाचणं कुठं सुरू होतं, ही हद्द खात्यानं मला कधी आखून दिली नव्हती. शिवाय कार्डांत असायचं तरी काय? कापूस वेचून झाला, म्हैस व्याली, सूनबाईला पाठवा, सूनबाईला पाठवू नका. महिन्याभरात मला ते पाठ झालं आणि कंटाळाही आला. नोकरी सोडावी असंही एकदा मनात आलं होतं. मग मुन्शीजींचं पहिलं कार्ड हाती पडलं.

मुन्शी गुलाम दस्तगीर हे गावातले एक वयोवृद्ध गृहस्थ. उंच, वाकलेले, डाव्या पायानं लंगडणारे, पांढऱ्या दाढीला मेंदी लावणारे. मागच्या शतकात ते सरकारी मोजणी खात्यात होते. तिथं जमीन मोजायच्या आधी आकाश मोजावं लागतं म्हणे. आपण नेमके पृथ्वीवर कुठं उभे आहोत हे ताऱ्यांना विचारून ठरवायचं. एका टेकडीवरून घसरून पाय मोडला, भरवयात पेन्शन मिळाली आणि मुन्शीजी गावी परत आले. येताना एका साहेबानं भेट दिलेली पितळी दुर्बीण घेऊन आले. ती घराच्या धाब्यावर, घोंगडी पांघरून उभी असे. नवख्या माणसाला वाटे वर कोणी पाहुणा आलाय.

त्या कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं: “आपलं कार्ड पोचलं. माझा तारा दर सहा-सात महिन्यांनी मंद होतो आणि पुन्हा उजळतो, असं मी गेली वीस-बावीस वर्षं सांगत आहे. आपल्या तंजावरच्या हवेत एवढा दमटपणा आहे की आपल्याला चंद्रसुद्धा ओला दिसत असेल. अशा ठिकाणाहून आपण माझ्या ताऱ्याविषयी मत द्यावं, याचं आश्चर्य वाटतं. प्रकृती जपावी.”

मी शिक्का हातात धरून तसाच बसलो. मग आठ-दहा दिवसांनी तंजावरहून उत्तर आलं.

“आपला तारा कमी-जास्त होत नाही. आपल्या सातपुड्यातले वणवे कमी-जास्त होतात. धुरातून पाहिलं तर माझी पत्नीही दर सहा महिन्यांनी मंद दिसेल. आपल्या पायाला आता कसं आहे?”

हे अय्यर. दक्षिणेतल्या एका वेधशाळेत गणिताचं काम करून निवृत्त झालेले. मुन्शीजींच्या तरुणपणी त्यांच्या तंबूतून पाठवलेले आकडे तपासायला अय्यरांच्या टेबलावर जात. त्यांना एका आकड्यात चूक सापडली. त्यांनी नम्र शब्दांत तसं कळवलं. मुन्शीजींनी तितक्याच नम्र शब्दांत उत्तर दिलं की चूक तपासणाऱ्याची आहे. तिथून जी पत्रापत्री सुरू झाली ती शतक बदललं तरी थांबली नाही. मधल्या काळात दोघांनी दोन धूमकेतू, तीन ग्रहणं आणि एकमेकांच्या मुलींची लग्नं यांविषयी लिहिलं, पण भांडण त्या एका बारीक ताऱ्यावर अडलेलं. आणि या सगळ्या काळात दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

मला त्या कार्डांचा नाद लागला, हे कबूल करतो. इंग्रजी शब्दकोश विकत घेतला. तुळशीरामला इंग्रजी येत नव्हतं, पण तंजावरचं कार्ड आलं की तो पिशवी भरायचं सोडून समोर उभा राही.

“बाबू, आज मद्राशी काय म्हन्ते?”

“म्हणतो, मुन्शीजींच्या दुर्बिणीच्या काचेवर माशी बसली असेल.”

“हात्! मुन्शीजी काही आयकून घेनार नाहीत. मी आता नेऊन देतो. त्यायचं तोंड पाह्यतो.”

आणि तो आधी मुन्शीजींच्या घरी जाई, मग बाकीच्या गावात. बाजारातल्या लोकांना ताऱ्याचं नाव माहीत नव्हतं, पण मुन्शीजींचा पक्ष सगळ्यांनी घेतला होता. आपल्या गावच्या माणसाचा तारा, मग तो मंद होणारच.

अशी सात वर्षं गेली.

मधे लढाई सुरू झाली तेव्हा खात्याकडून एक हुकूम आला होता. गूढ लिपीतली, सांकेतिक शब्दांची किंवा नुसत्या आकड्यांची तार परवानगीशिवाय घेऊ नये. तो मी स्वतःच्या हातानं, खळ लावून, खिडकीजवळ भिंतीला चिकटवला. हे मुद्दाम सांगतो. पुढं चौकशीत त्याचा फार उल्लेख झाला.

एका सकाळी ऑफिस उघडतो तो मुन्शीजी पायरीवर बसलेले. डोळे लाल, दाढी विस्कटलेली, चेहऱ्यावर मात्र असं काही तेज की मला वाटलं घरात नातू झाला.

“मास्तर, भडकला!” ते म्हणाले.

“कोण? अय्यर?”

“तारा! माहा तारा! रातच्याले दुर्बिणीविना दिसून राह्यला, साध्या डोळ्यानं. असा कव्हा झाला नोयता. तार करा. लवकर करा.”

तार दक्षिणेतल्या डोंगरावरच्या सरकारी वेधशाळेला होती. ज्याची खबर आधी पोचेल, ताऱ्याचा तो भडका त्याच्या नावावर लागणार होता. मुन्शीजींनी कागद पुढं केला. वेधशाळेचा पत्ता, त्याखाली पाच-पाच आकड्यांचे सहा गट आणि शेवटी ‘दस्तगीर’. ज्योतिषी लोकांची जगभर हीच रीत असते, असं ते म्हणाले. एका गटात वेळ, दोन गटांत आकाशातली जागा, एकात तेज, असं करत शेवटी सगळ्यांची बेरीज, म्हणजे वाटेत आकडा चुकला तर कळावं.

मी कागदाकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. मुन्शीजींनीही भिंतीकडे पाहिलं, पण चष्मा घरी राहिला होता.

“मुन्शीजी, हे शब्दांत लिहून द्या ना.”

“शब्दांत? शब्दांत लिवलं तर जागा चुकते. तारा इथं आहे की दोन बोटं तिकडं, ते शब्दाले सांगता येते का?”

दुसरा कोणी असता तर मी कागद परत केला असता. पण गेली सात वर्षं मी त्या ताऱ्याच्या घरचा माणूस झालो होतो. तिकडे तंजावरला अय्यरही काल रात्री वर बघत असतील, तेही आत्ता तार ऑफिसाच्या पायरीवर असतील, हे चित्र डोळ्यांपुढं आलं आणि माझा हात यंत्राकडे गेला. तारेच्या भाषेत एकेका आकड्याला पाच ठोके लागतात. मी तीस आकडे ठोकले. आयुष्यात एवढ्या स्वच्छ हातानं मी कधी तार पाठवली नाही.

ती पुढच्या मोठ्या ऑफिसात पोचली आणि तिथंच अडकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोड्यावरून फौजदार वानखडे आले. जाड मिशांचे, आवाज दांडगा. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरचा हुकूम मोठ्यानं वाचला, तो कोणी लावला ते विचारलं, मी ‘मी’ म्हणालो, आणि मग त्यांनी तारेची नक्कल माझ्यापुढं ठेवली. मुन्शीजींना बोलावणं गेलं. ऑफिसच्या ओसरीवर निम्मा बाजार जमला. तुळशीरामनं आपणहून गर्दी आवरायचं काम घेतलं आणि सगळ्यांत पुढं उभा राहिला.

“हे आकडे कायचे हायेत?” फौजदारांनी विचारलं.

“ताऱ्याचे,” मुन्शीजी म्हणाले.

“तारेचे ते मले मालूम हाय. कायचे हायेत?”

हे बराच वेळ चाललं. शेवटी मी मध्ये पडलो आणि तार म्हणजे तार, तारा म्हणजे तारा हे समजावलं. ते झाल्यावर फौजदार माझ्याकडे वळले.

“मास्तर, तुमी हुकूम स्वतः लावला अन् स्वतः मोडला. काऊन?”

“मला खात्री होती साहेब, की हे ताऱ्याचेच आकडे आहेत.”

“खात्री कशी काय झाली?”

इथं मला एक पळवाट होती. मुन्शीजींनी मला सगळं समजावून सांगितलं होतं, एवढं म्हणालो असतो तरी पुरे होतं. मी आशेनं मुन्शीजींकडे पाहिलं. पण त्या माणसानं जन्मभर जे दिसलं तेच वहीत लिहिलं होतं.

“मी तर ह्यायले कव्हा काही सांगतलं नाही,” मुन्शीजी नवलानं म्हणाले. “ह्यायले कसं मालूम, ह्याचं मलेही कोडं हाय.”

तुळशीराम आपल्या पायांकडे पाहू लागला.

“मी यांची कार्डं वाचतो,” मी म्हणालो. “सात वर्षं. जाणारीही आणि येणारीही.”

मला त्या क्षणी फौजदारांची भीती वाटली नाही, खात्याचीही नाही. मुन्शीजींकडे बघवेना. सात वर्षं हा म्हातारा लंगडत येऊन मोठ्या विश्वासानं माझ्या खिडकीत कार्ड ठेवत होता, आणि त्याचं सगळं भांडण आणि मुलीच्या तब्येतीची काळजी मी गावासाठी तमाशा करून टाकली होती. त्यांचा चेहरा पडला. काही वेळ ते काठीच्या मुठीवर बोटं फिरवत राहिले.

“सगळी वाचली?” त्यांनी विचारलं.

“सगळी.”

“तर मंग सांगा. बरोबर कोनाचं? माहं का अय्यरचं?”

“तुमचं, मुन्शीजी.”

“हाव ना?” ते फौजदारांकडे वळून म्हणाले, “पाहा साहेब. तिसरा मानूसही हेच म्हन्ते.”

फौजदारांना पुरावा हवा होता. मुन्शीजींनी घरून पत्र्याची पेटी मागवली. तीत अय्यरांचं प्रत्येक कार्ड होतं, आणि आपण पाठवलेल्या प्रत्येक उत्तराची नक्कल. फौजदारांना इंग्रजी येई, पण अय्यरांचं अक्षर लागेना, म्हणून मीच वाचून अर्थ सांगू लागलो. निम्म्याहून अधिक मला पाठ होतं. आधी फौजदार बुटासकट ताठ बसले होते. तासाभरानं त्यांनी पट्टा सैल केला. मग चहा आला. वणव्याच्या कार्डापाशी ते पहिल्यांदा हसले, ओल्या चंद्रापाशी त्यांना ठसका लागला. मी मधली काही कार्डं गाळून पुढं जाऊ लागलो तर त्यांनी माझा हात धरला.

“थांबा ना! त्या माशीचं काय झालं? मुन्शीजीनं काय जवाब देल्ला?”

मुन्शीजींनी जबाब स्वतःच म्हणून दाखवला. ओसरीवरच्या गर्दीनं मान डोलावली.

उन्हं कलल्यावर फौजदार उठले, पट्टा आवळला आणि म्हणाले, “मास्तर, वीस वर्षं पोलिसात काढले मी. कटातले लोक एकमेकाशी गोड बोलतात. हे दोघं कटात असते, तर एकानं दुसऱ्याले कव्हाचंच पकडून देल्लं असतं. तार जाऊ द्या.”

त्यांनी तसं लिहून दिलं आणि दोन दिवसांच्या उशिरानं तार पुढं गेली. जाताना मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, “पुढचं कार्ड आलं तर मले कसं समजनार?”

ताऱ्याची खबर दोन दिवस उशिरा पोचली, म्हणजे तारा गेलाच, असं आम्ही धरून चाललो होतो. मुन्शीजी रोज खिडकीत येऊन यंत्राकडे पाहत उभे राहायचे. पाचव्या दिवशी यंत्र वाजलं. आमच्या यंत्राचा आवाज बारीक म्हणून त्याच्यामागं मी सिगारेटचा रिकामा डबा ठेवलेला असे. त्या डब्यातून शब्द आले: तार मिळाली, तारा पाहिला, पहिली खबर आपली, अभिनंदन. तुळशीराम अनवाणी पळत गेला. बाजारात गूळ वाटला गेला. कोणी वाटला, ते अजून कळलेलं नाही.

मुन्शीजींनी तंजावरला सारी हकीकत कळवली, मग अय्यरांचं कार्ड आलं.

“तो तारा मीही त्याच रात्री पाहिला आणि सकाळीच तार केली. इथल्या पोलिसांनी ती चार दिवस दाबून ठेवली. माझ्या घराची झडती झाली. लॉगॅरिदमची कोष्टकं अद्याप त्यांच्याच ताब्यात आहेत. तुमचा फौजदार माझ्या फौजदारापेक्षा दोन दिवसांनी हुशार निघाला, एवढंच यावरून सिद्ध होतं. एकदा भडकणं वेगळं आणि ठरल्या मुदतीनं कमी-जास्त होणं वेगळं. माझं मत आहे तेच आहे.”

माझी मात्र पाळी यायची होती. फौजदारांच्या अहवालात खरं ते सगळं आलं होतं. वरून खुलासा मागवला गेला, मी दिला. मलकापूरला माझी बढतीवर बदली ठरल्यात जमा होती. रेल्वेचं गाव, मोठं ऑफिस, मुलांना चांगली शाळा. बायकोनं अर्धं सामान बांधलं होतं. ती बदली रद्द झाली, पगारवाढ थांबली आणि नियमांचं पुस्तक वाचून सही करून परत पाठवावं, असा हुकूम आला. बांधलेलं सामान सोडताना बायको म्हणाली, “वाचायचंच होतं, तर आदी ते नियमाचं पुस्तक वाचाचं होतं.”

गावानं काय केलं तेही सांगतो. आठवडाभर सगळे लिफाफे घेऊ लागले. ते महाग पडतात हे ध्यानात आल्यावर पुन्हा कार्डांवर आले. फक्त आता प्रत्येक कार्डाच्या शेवटी, वडीलधाऱ्यांना दंडवत आणि लहानांना आशीर्वाद झाले की, ‘पोस्टमास्तर साहेबांना रामराम’ अशी ओळ येऊ लागली. मी ती वाचत नव्हतो, असं मी खात्याला लिहून दिलेलं आहे.

पुढच्या थंडीत अय्यर स्वतः आले.

काशीला निघाले होते. वाटेत मलकापूरला उतरून, दमणीत बसून, हाडं खिळखिळी करून घेत आमच्या गावी पोचले. ठेंगणे, काळेसावळे, कानात हिऱ्याच्या कुड्या, अंगावर लोकरीचा कोट आणि त्याखाली धोतर. मांडीवर वेताची पेटी घट्ट धरलेली. कडक सोवळ्याचे, म्हणून उतरले माझ्याकडे. बायकोनं भात केला, तो त्यांना पातळ केलेल्या वरणाबरोबर दोनदा वाढावा लागला. आणि मुन्शीजींची भेट ठरली पोस्टाच्या ओसरीवर, कारण ती जागा दोघांनाही परकी नव्हती.

सकाळी मुन्शीजी शेरवानी घालून आले. दोघं एकमेकांकडे पाहत उभे राहिले. तुळशीरामनं दोन खुर्च्या मांडल्या. अय्यरांनी हात जोडून इंग्रजीत काहीतरी मोठं भाषण केलं, झरझर, एका दमात. मुन्शीजींनी कानामागं हात धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

“काय बोलून राह्यले हे?”

मग मुन्शीजी बोलले. त्यांचं इंग्रजी तंबूतल्या साहेबांकडून शिकलेलं, त्यात अर्धी आमची बोली. अय्यर नम्रपणे हसले आणि त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं ज्या भाषेत हे दोघं एकमेकांची सालटी काढत होते, त्या भाषेत समोरासमोर त्यांना एकमेकांचा शब्द कळेना. मुन्शीजींना तर ऐकूही कमी येई.

शेवटी मी आतून तारेचे कोरे फॉर्म आणले आणि दोन पेन्सिली. दोघांचे चेहरे एकदम उजळले. खुर्च्या जवळ ओढल्या गेल्या. एकानं लिहायचं, फॉर्म दुसऱ्याच्या हातात द्यायचा, त्यानं चष्मा सावरून वाचायचा, नाक फुगवायचं आणि उत्तर लिहायचं. अर्ध्या तासात दोघं नेहमीसारखे भांडू लागले.

दुपारी पेट्या उघडल्या. अय्यरांच्या वेताच्या पेटीत मुन्शीजींची सगळी कार्डं होती. आम्ही ती तारखेनं लावायला घेतली. सतरंजीवर एक रांग मुन्शीजींची, एक अय्यरांची. अय्यर गणिती माणूस; आपल्या प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात त्यांनी बारीक अनुक्रमांक घातला होता, पहिल्यापासून. ओसरी भरून गेली. मागच्या शतकातली कार्डं पिवळी पडली होती, त्यांवर राणीचा मुखवटा होता.

लावता लावता अय्यर एका जागी थांबले. बराच वेळ त्या दोन कार्डांच्या मधे पाहत राहिले. मग त्यांनी फॉर्म ओढला, लिहिला आणि मुन्शीजींकडे न बघता पुढं सरकवला. मुन्शीजींनी वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्या हातात दिला.

“इथं माझं एक कार्ड नाही. त्यात मी आपणास कळवलं होतं की, सलग दोन वर्षं मी तो तारा पाहिला असून तो खरोखरच मंद होतो आणि उजळतो. आपलं म्हणणं बरोबर आहे असं मी त्यात स्पष्ट मान्य केलं होतं. आपलं उत्तर आलं नाही म्हणून मला वाईट वाटलं आणि मी पुन्हा विरोध सुरू केला. ते कार्ड टपालात गहाळ झालेलं दिसतं.”

मी खाली वाकून पाहिलं. अलीकडच्या कार्डाच्या कोपऱ्यात जो आकडा होता, पलीकडच्या कार्डावर बरोबर त्याच्या पुढचा होता. मधे एकाही आकड्याची जागा नव्हती. मी तोंड उघडलं, आणि मुन्शीजींचा रुंद, सुरकुतलेला पंजा अलगद त्या दोन्ही कोपऱ्यांवर येऊन बसला.

“मास्तर,” ते हळूच म्हणाले, आमच्या बोलीत, अय्यरांना कळणार नाही असं. “गप बसा. गिनती मलेही येते.”

मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि फॉर्मवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: “टपाल खात्याचा हा अक्षम्य हलगर्जीपणा आहे. त्यांच्यामुळं दोन सभ्य माणसांत वीस वर्षं विनाकारण वाद झाला.”

अय्यरांनी ते वाचलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि खाली लिहिलं: “मी पूर्णपणे सहमत आहे.”

इतक्या वर्षांत त्या शब्दांची ती पहिलीच वेळ असावी. दोघं मिळून माझ्याकडे असे रागानं पाहू लागले, की क्षणभर मला खरंच काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. तिथंच बसून त्यांनी सुपरिंटेंडेंट साहेबांच्या नावानं दीड पानांची तक्रार तयार केली. मजकूर अय्यरांचा, विशेषणं मुन्शीजींची. खाली दोघांच्या सह्या. मी पोचपावती दिली. अय्यर संध्याकाळच्या आत दमणीत बसले. मुन्शीजी वेशीपर्यंत लंगडत गेले, दमणीचा दांडा हातात धरून.

तक्रार वर गेली आणि सरकारी चाकोरीनं फिरत दोन महिन्यांनी माझ्याकडेच परत आली, सदर कार्डाबाबत पोस्टमास्तरांनी खुलासा करावा असा शेरा घेऊन. माझ्या नावापुढं शाईचा एक डाग आधीच पडलेला होता. बायको म्हणाली, “आता तरी सरळ लिवा.”

मी सरळच लिहिलं. कसून चौकशी केली, कार्ड याच ऑफिसात गहाळ झालं असावं असं दिसतं, त्याबद्दल दिलगीर आहे. साहेबांनी माझ्या नोंदीत दुसरा काळा शेरा मारला.

ज्या साली ते कार्ड गहाळ झालं, त्या साली मी मराठी तिसरीत होतो.